'सेट'ची गोष्ट

चि. ओवी,


गणिताला तुला वरच्या 'सेट'मध्ये घेतलं, हे वाचून फार आनंद झाला. हा सेट, टेनिसमधला सेट आणि सूर्याचं सेट होणं यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तू विचारलं आहेस. अगं, हे दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द आहेत.

'सेट' हे क्रियापद जुन्या इंग्रजीतलं, 'सिट'चं प्रयोजक रूप. बसणेवरून बसवणे, तसंच. आपण मोडलेलं हाड बसवतो, कोंदणात खडा बसवतो. तिथे इंग्रजीत 'सेट'च लागतो. पुढे वाटा फुटतात. आपण गजर लावतो, पानं मांडतो, सापळा रचतो, इंग्रजीत तिन्ही ठिकाणी 'सेट'. समूह या अर्थाचा 'सेट' मात्र जुन्या फ्रेंचमधून आला. मुळाशी लॅटिन 'सेक्टा', म्हणजे अनुयायांचा गट. तुझा गणिताचा गट या घराण्यातला. पुढे दोघांची इतकी सरमिसळ झाली की कपबश्यांच्या सेटपाशी कुणाचा वाटा किती, हे सांगणं अवघड.

या अर्थांची मोजदाद कशी झाली, ते मला जास्त मोलाचं वाटतं. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करत. थंडीत पायाला वारा लागू नये म्हणून पाय खोक्यात घालून बसत. गावोगावचे वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवत, आणि मरेंची मुलं खाऊच्या पैशांसाठी त्या चिठ्ठ्या अक्षरवार लावत. मग संपादक एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या पसरून बघत, कुठे अर्थ किंचित सरकला आहे. अर्थ कुणी मनाने ठरवले नाहीत, ते लोकांच्या वापरातून वेचले. १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० च्या वर अर्थ होते, आणि ती नोंद सगळ्यांत मोठी होती.

२०११ मध्ये 'रन'ने त्याला मागे टाकलं. क्रियापदाचेच ६४५ अर्थ! शब्दकोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांना त्या एका शब्दाला नऊ महिने लागले. यंत्रं चालू लागली, मग संगणकावर प्रोग्रॅम चालू लागले. जे जे चालतं, त्याला 'रन' चिकटत गेला.

सुट्टीत ऑक्सफर्डला जाणार आहात ना? बॅनबरी रोडवर मरेंच्या ७८ नंबरच्या घरापुढे लाल टपालपेटी आहे. मरेंचं टपालच इतकं असे की ती तिथे मुद्दाम उभारली. तिचा फोटो मला नक्की पाठव.

तुझी,
आत्या