पटावरून गेलेली नावं

आमच्या अभ्यासिकेच्या हजेरीवहीत एक पद्धत होती. मूल सलग तीन आठवडे आलं नाही की त्याच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारायची आणि पुढच्या महिन्याचं पान लिहिताना ते नाव घ्यायचं नाही. ही पद्धत कुणी पाडली आठवत नाही, बहुधा मीच. पुण्यातल्या एका वस्तीतलं समाजमंदिर, बारा ते सतरा वयाची मुलंमुली, संध्याकाळी सहा ते आठ. जूनमध्ये पट ३० चा असे, फेब्रुवारीत १८ चा. त्या १८ मधले १६ जण नेमाने येत. मी अहवालात लिहायचे, सरासरी उपस्थिती ८९ टक्के. देणगीदार खूश, संस्था खूश. ३० मधले १६ म्हणजे ५३ टक्के. शेकडेवारी मी सातवीच्या मुलांना फळ्यावर शिकवत होते, स्वतःच्या वहीवर मात्र कधी लावली नव्हती.

संशोधन ही गोष्ट मला तेव्हा पाहुण्यांची वाटायची. विद्यापीठातून कुणी येणार, फॉर्म भरून घेणार, निघून जाणार. नंतर वस्तीतल्या बायका मला गाठून विचारत, "मागच्या सर्व्हेला नळाचं लिहून घेतलं होतं ना, काय झालं त्याचं?" त्यामुळे एका मे महिन्यात वही पुढ्यात घेऊन रेघ मारलेली नावं वेगळ्या कागदावर उतरवू लागले, तेव्हा आपण काही शोधतोय असं मनातही नव्हतं. बारा नावं निघाली. त्यांत नऊ मुली.

कारण मला तोंडपाठ होतं: पालकांची मानसिकता. आमच्या प्रत्येक अहवालात हे दोन शब्द असत. इतके सोयीचे शब्द समाजकार्यात दुसरे नाहीत. आपलं काम चोख, खोट दुसऱ्याच्या डोक्यात, असा हिशेब त्यांनी एका ओळीत मिटतो.

तरी घरोघरी गेले. पहिल्या घरी मुलीला विचारलं, "का गं, येत नाहीस?" ती खाली बघत म्हणाली, "येते ना ताई, उद्यापासून." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच, वर चहा. चौथ्या घरातून बाहेर पडताना लक्षात आलं की मी विचारत नव्हतेच, रागावत होते. आणि "वर्ग आवडायचा का?" हा माझा दुसरा प्रश्न तर त्याहून निरुपयोगी. समोर ताई बसलेली असताना नाही कोण म्हणेल?

माझी एक मैत्रीण आरोग्याच्या पाहण्यांवर काम करायची. ती म्हणाली, मत विचारू नकोस, काल विचार. काल शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, ओळीने सांग. आणि तू विचारू नकोस, त्यांच्यातलीच कुणी पाठव. म्हणून अकरावीतल्या दोघी जणींना आठवडाभर तयार केलं. उत्तर आपण सुचवायचं नाही, समोरची गप्प झाली तर आपणही गप्प बसायचं, तिचे शब्द आहेत तसे उतरवायचे. हे शिकवताना सर्वांत अवघड मलाच गेलं, कारण शांतता मला सोसत नाही.

नऊपैकी सहा वह्यांत एकच गोष्ट आली. ओढ्याकडच्या अंगाला सार्वजनिक नळाचं पाणी सव्वासहाला सुटायचं. आई तेव्हा सोसायटीत दुसऱ्या वेळेच्या भांड्यांना गेलेली. हंडे, कळशा, नंबर लावणं आणि मागच्या बाईशी भांडण झाल्याशिवाय पाणी घरात येत नाही. सातला घरी, मग पोळ्या. सहाची वेळ आम्ही का ठेवली होती? समाजमंदिराची किल्ली सहाला मिळायची आणि मला सव्वाआठची बस गाठायची असे. इतकंच कारण.

मानसिकता नव्हतीच असं नाही. सहापैकी चौघींचे भाऊ त्याच वेळी आमच्या वर्गात बसून गणितं सोडवत होते, आणि हंडा त्यांच्या डोक्यावर का नाही, हे आम्ही त्या घरांत कधी विचारलं नव्हतं. आजही विचारताना जीभ अडखळते.

पुढच्या वर्षी त्या अंगाच्या मुलींसाठी अंगणवाडीच्या खोलीत साडेसात ते नऊ असा वेगळा वर्ग सुरू केला. परतताना गल्लीत अंधार, म्हणून दोन आयांनी पाळीने सोबत करायचं ठरवलं. नऊपैकी पाच जणी परत आल्या. सभेत मी हे ऐटीत सांगितलं, तर मैत्रीण म्हणाली, "वेळ बदलली म्हणून आल्या, की कुणीतरी दारात येऊन आपली चौकशी केली म्हणून?" मला सांगता येईना. वेळ न बदलता नुसती चौकशी केलेल्या मुली आमच्याकडे नव्हत्याच.

तिने मला गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांचं काम वाचायला लावलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज आणि सोमरव्हिल या लागून असलेल्या गावांत १९३९ साली एक कार्यक्रम सुरू झाला. डॉ. रिचर्ड कॅबट यांची कल्पना. वाया जातील अशी भीती होती ते आणि सरळ वाटेचे, असे ५०६ मुलगे घेतले, वय-घर-स्वभाव जुळतील अशा जोड्या लावल्या आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतला एक कार्यक्रमात घेतला. घरभेटी, शिकवणी, दवापाणी, उन्हाळी शिबिरं. १९४५ पर्यंत सगळं मनापासून चाललं. तीस वर्षांनी मॅककॉर्ड यांनी ती मुलं, म्हणजे आता चाळिशी ओलांडलेले पुरुष, शोधून काढली. कार्यक्रमात असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की त्याचा आम्हाला उपयोग झाला. पण जोडीतल्या दुसऱ्या मुलांशी ताडून पाहिलं तेव्हा दारू, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू, पुन्हापुन्हा गुन्हा, या सगळ्यांत कार्यक्रमातलेच अधिक सापडले. उन्हाळी शिबिराला एकाहून अधिक वेळा गेलेल्यांची गत तर सर्वांत वाईट. उनाड मुलं एकत्र आली की एकमेकांचं कौतुक करत शेफारतात, असा एक अर्थ नंतर लावला गेला.

हे वाचून दोन रात्री झोप लागली नाही. दर उन्हाळ्यात आम्ही वस्तीतली "हाताबाहेर गेलेली" पोरं निवडून सिंहगडावर शिबिराला न्यायचो. शेवटच्या दिवशी पोरं गळ्यात पडून रडायची. ते रडणं आम्ही यश म्हणून लिहीत होतो. आता शिबिर होतं, पण पोरं मिसळून नेतो. बरं झालं की नाही, ठाऊक नाही.

आपल्याकडेही मोजायला योग्य गोष्ट निवडल्याची उदाहरणं आहेत. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने गावांतल्या अविवाहित मुलींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला, रोज संध्याकाळी तासभर. वर्ग आवडला का, एवढं विचारून ते थांबले नाहीत. लग्न कोणत्या वयात झालं, ते पाहिलं. कार्यक्रमाच्या गावांत निम्म्या मुलींची लग्नं ज्या वयापर्यंत उरकत, ते वय १९९७ ते २००१ या काळात १६ वरून १७ वर गेलं. एक वर्ष. ज्याने सोळाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी जवळून पाहिली आहे, त्याला या एका वर्षाचं वजन सांगावं लागत नाही. आणि मुंबईत 'पुकार' संस्थेने तर वस्त्यांतल्या तरुणांनाच गट करून संशोधक बनवलं. तिचे संस्थापक अर्जुन अप्पादुराई संशोधन हा अधिकारच मानतात. आमच्या त्या अकरावीतल्या दोघींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग मानधन?" रास्त प्रश्न होता. आता देतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्यावर सोपवत नाही. मुलगी बोलती झाली की कधी कधी नको ते बाहेर येतं. घरातला काका, शिकवणीचा सर. पूर्वी मी सवयीने म्हणायचे, "सांग, कुणाला सांगणार नाही." पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती कळवणं बंधनकारक आहे, तेव्हा ते वचन खोटं होतं. आता आधीच सांगतो: तुझं बोलणं आमच्यात राहील, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला गप्प बसता येणार नाही. हे ऐकून काही मुली तोंड मिटतात. त्या मिटल्या तोंडांचं काय करायचं, याची युक्ती मला सापडलेली नाही.

हजेरीवही आता मोठी झाली आहे. जूनमधलं एकही नाव मार्चपर्यंत गळत नाही. समोरचे चौकोन रिकामे राहिले तरी राहू देतो. टक्केवारी ५८-६० च्या आसपास. एका देणगीदाराने कामाचा दर्जा घसरला का, असं पत्र पाठवलं होतं.

मागच्या महिन्यात नव्या मुलींचा सराव चालला होता. नववीतल्या एकीला जोडीदार मिळेना, म्हणून मी समोर बसले. तिने वही उघडली. "ताई, काल संध्याकाळी पाचपासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ओळीने सांगा." मी म्हणाले, इथून गेले, बस पकडली, स्वयंपाक, मग अहवालाचं काम. "त्याच्या आधी? पाच ते सहा?" मला आठवेना. ती काही सुचवत नव्हती. पेन तसंच धरून माझ्याकडे बघत गप्प बसली होती, शिकवलं होतं अगदी तसं.