सेल्फ नुसता फिरून भागत नाही

नवा सेल्फ बसवला, चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली की काम झालं, असं बहुतेक सगळेच धरून चालतात. माझं म्हणणं असं की, गाडी सुरू होणं हा सेल्फ नीट बसल्याचा पुरावा नव्हे. वाकडा बसलेला सेल्फही गाडी सुरू करतो, महिनोन्‌महिने करत राहतो आणि तेवढ्या काळात फ्लायव्हीलच्या रिंगचे दात खाऊन टाकतो. सेल्फ पुन्हा उतरवणं त्या मानाने सोपं. पण रिंग बदलायची तर बहुतेक गाड्यांचा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो.

सेल्फ म्हणजे स्टार्टर, इंजिनला पहिला फेरा देणारी विजेची मोटर. या मोटरचं आयुष्यच मुळी सेकंदांचं. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला तो याच विचारावर: मोटर क्षणभरच चालणार असेल, तर लहानशा मोटरवरही प्रचंड भार टाकता येतो. इंजिन हाताने सुरू करायचं हँडल उलटं फिरून मनगट मोडायची भीती त्यामुळे सरली. पण ते क्षण फार कठोर असतात. स्टार्टरच्या टोकाच्या लहान दातेरी चाकाला, म्हणजे पिनियनला, नऊ-दहा दात, रिंगला शंभरावर. इंजिन मिनिटाला 200 फेरे फिरवायचं तर पिनियन अडीच हजारांच्या आसपास फिरतं. इंजिन पेटून 800 फेऱ्यांवर गेलं आणि पिनियन रिंगमध्येच राहिलं, तर त्याचा वेग दहा हजारांकडे जातो. तो वेग मोटरच्या फिरत्या गाभ्यापर्यंत, म्हणजे आर्मेचरपर्यंत, पोहोचू नये म्हणून एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो खरा, पण दातांना दातांत अलगद शिरता आणि सुटता आलं पाहिजे, ते काम त्या क्लचचं नाही.

शेव्हरोलेचं जुनं स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिन इथे फार शिकवून जातं. त्याला दोन मापांची फ्लायव्हील येतात, 153 दातांचं आणि 168 दातांचं. लहान फ्लायव्हीलच्या स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत, मोठ्याचे तिरके. अनेक ब्लॉकवर दोन्हींसाठी भोकं असतात. म्हणजे चुकीचा स्टार्टरही बिनतक्रार चढतो! योग्य स्टार्टर असला तरी पिनियनच्या दाताचं टोक आणि रिंगच्या दोन दातांमधला तळ यांत साधारण 0.5 ते 0.9 मिलिमीटर फट लागते. ती मापाची तार घालून बघतात आणि पातळ पत्र्याचे शिम घालून जुळवतात. बोल्टसुद्धा साधा चालत नाही. मूळ बोल्टच्या मानेवर बारीक खाचा असतात, त्या भोकात घट्ट बसून स्टार्टरला जागेवर धरतात. त्याच आट्यांचा दुसरा बोल्ट आवळला जातो, पण स्टार्टर किंचित सरकू शकतो. इंजिन फिरताना किणकिणता चढा आवाज आला तर फट जास्त, आणि तो इंजिन पेटून चावी सोडताना आला तर फट कमी.

यावर कोणी म्हणेल, आजच्या बहुतेक गाड्यांत स्टार्टरचं तोंड बेल हाउसिंगच्या गोल भोकात नेमकं बसतं, तिथे शिमचा प्रश्नच नाही. हे खरं आहे. पण त्या तोंडाचा व्यास, पिनियनचे दात, फिरण्याची दिशा आणि विश्रांतीत पिनियन रिंगपासून किती मागे राहतं, हे जुन्याशेजारी नवा ठेवून पाहावंच लागतं. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे स्टार्टर वेगळे असू शकतात. शिवाय अर्थिंग बहुधा स्टार्टरच्या अंगातूनच होतं. दुरुस्त करून रंगवलेल्या स्टार्टरच्या बसायच्या जागेवर रंगाचा थर राहिला तर नवा सेल्फही मरगळल्यासारखा फिरतो, आणि दोष बॅटरीवर जातो.

पार्ट नंबर जुळला म्हणजे झालं, हा आक्षेप जास्त वजनदार. पण नंबर नव्या मोटरची हमी देतो, जुन्या रिंगची नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना काँप्रेशनमुळे बहुतेक वेळा समोरासमोरच्या दोन जागांपैकी एकीवर थांबतं, म्हणून रिंगही तिथेच झिजते. गॅरेजमधला एक स्टार्ट म्हणजे त्या दोहोंपैकी एका जागेची चाचणी. सेल्फ उतरलेला असतानाच इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवून, टॉर्चच्या उजेडात सगळे दात पाहून घेणं एवढाच त्यावर उपाय आहे. त्या वेळाची मजुरी मेकॅनिकने वेगळी मागितली, तर ती द्यावी.