जमिनीचं कोण बोलणार?

1998 च्या लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार गेले, चौघेही खुल्या मतदारसंघांतून: अमरावतीतून रा. सू. गवई, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, मुंबईतून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. परतवाड्यात आमच्या वस्तीत त्या दिवशी निळीनं माणसं ओळखू येत नव्हती. बाबा तेवढे ओट्यावर बसून होते. जन्मभर लाकडाच्या डेपोत हमाली केलेला माणूस. 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला. म्हणाले, ‘‘चांगलं झालं. पन जमिनीचं बोलतीन का हे?’’

पुढच्याच वर्षी पक्षातल्या गटांची एकी मोडली, अमरावतीची जागाही गेली. मग पक्षाच्या नावापुढे कंसात पुढाऱ्यांची नावं आली. कुणी काँग्रेसच्या वळचणीला, तर आठवले 2011 मध्ये शिवसेना-भाजपसोबत.

लोक फुटीला दोष देतात. मला ते पटत नाही. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात स्थापन झालेला हा पक्ष पहिल्या काही वर्षांतच फुटला होता. तरी त्याच फुटक्या पक्षाच्या हाकेवर, दादासाहेब गायकवाडांच्या मागे, लाखो माणसांनी तुरुंग भरले. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, मजुराला किमान वेतन द्या, संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा, असं मागणं होतं. प्रश्न हातात होता तोवर फुटीनं पक्ष मेला नाही. 1967 मध्ये गायकवाडांनीच काँग्रेसशी समझोता केला आणि माझ्या मते तिथून रस्त्यावरचं मागणं मागे पडत गेलं, जागावाटपाची बोलणी पुढे आली. आपल्याला किती जागा सोडणार, एवढ्यावर आमच्या पुढाऱ्यांचं राजकारण येऊन थांबलं. सर्व शोषितांचा, सत्ताधाऱ्यांना जाब विचारणारा पक्ष बाबासाहेबांना हवा होता. त्यांच्या नावानं मतं मागणाऱ्यांनी जाब विचारणंच सोडलं, याची मला चीड येते.

तैलचित्र 1990 मध्ये मध्यवर्ती सभागृहात लागलं. त्याचा अभिमान मला आहेच. जमिनीचं मात्र अर्धंच झालं: काहींना पट्टे मिळाले, पुष्कळ जण ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, तुकड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबूनही सरकारदप्तरी अतिक्रमणधारकच राहिले. त्यांच्या पिकाला विमा नाही, बँक दारात उभं करत नाही.

बाबा गेले. निवडणुकीत निळे दुपट्टे घालून येणाऱ्यांना आता मी त्यांचा प्रश्न विचारतो. उमेदवार समाजमंदिराच्या निधीचं सांगतो. मी पुन्हा पट्ट्यांचं विचारतो, तेव्हा सोबतचा कार्यकर्ता, आमच्याच वस्तीतला पोरगा, उमेदवाराकडे बघतो. त्या पोराच्याही घरचा तुकडा ई-क्लासमध्येच आहे.