तिवराचे पान आणि मामांचा राता

मानखुर्दला कुणी मुद्दाम उतरते का? आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न कुर्ल्याला गाडी बदलताना एकदा विचारला आणि फराळाच्या पिशव्या सांभाळीत फलाटावर उतरल्यावर पुन्हा विचारला. त्यांचेही खरेच होते. दिवाळीसाठी आम्ही निघालो होतो पेणला, मामांकडे. आणि मुंबईकराच्या लेखी मानखुर्द म्हणजे वाशीच्या पुलाअलीकडचे स्टेशन, एवढेच. १९९२ साली लोकल खाडीपलीकडे जाऊ लागली, त्याआधी हार्बरची गाडी येथूनच माघारी फिरे. पण मला खाडीकाठचे तिवर पाहायचे होते, आणि तेही मामांमुळेच.

मामांचे शेत खारजमिनीत. बांध आणि उघाडी शाबूत तोवर भात; बांधाला खांड पडली की खाडी शेतात. आजोबा तेथे ‘राता’ लावीत. तांबडा, जाडाभरडा तांदूळ. पाहुण्यांच्या पानात वाढायला मामींना संकोच वाटे. मामांनी तो सोडला आणि बाजारात भाव मिळणारे बारीक भात धरले. एका भाद्रपदात, भात फुलोऱ्यावर असताना, उधाणाने खांड पडली. पाणी दोन दिवसांत उतरले, पण आठवड्याभरात शेत विस्तवाने भाजल्यासारखे करपले. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या तुकड्यात राता मात्र उभा होता. “वडिलांनी राखलेले बियाणे मी घालवले,” एवढेच मामा बोलले. त्या वर्षी भातवाल्या घरात तांदूळ विकत आला.

मानखुर्दच्या खाडीचे पाणी काळे. वासाविषयी न बोललेलेच बरे. पण तिवरे कशी हिरवीगार! कांदळवनाला आता कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पान न तोडता मी नुसते बोट फिरवले आणि जिभेला लावले.

“अहो, काय हे!” सौभाग्यवती ओरडल्या.

खारट! पानावर मिठाचे बारीक कण होते.

जमिनीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही. ओल्या शेतात उभे असलेले रोप तहानेने मरते. शिवाय आत शिरलेले सोडियम पाने जाळते. तिवर बरेचसे मीठ मुळाशीच अडवते आणि उरलेले पानांवाटे बाहेर टाकते. भाताला ही दुसरी सोय नाही. खाऱ्यात टिकणारी भाताची वाणे मीठ बेताने आत घेतात आणि जुन्या पानांत कोंडून कोवळी पाने वाचवतात. तरीही रोप लहान असताना आणि फुलोऱ्याच्या वेळी भात फार नाजूक. म्हणून तर कोकणात पावसाने मीठ धुऊन निघाल्यावरच लावणी करतात.

चेन्नईच्या स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानात शास्त्रज्ञांनी तिवराची जनुके काढून भातात घालून पाहिली. मानखुर्दहून दिसणाऱ्या ट्रॉम्बेच्या डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यांवर गॅमा किरण सोडून नवी वाणे शोधतात. पिकांना मीठ कसे सोसवेल याचाही अभ्यास तेथे चालतो. आपल्यासारख्यांना अर्थात फाटकाबाहेरूनच नमस्कार. पण मला अधिक नवल वाटते ते पनवेलचे. तेथल्या खारभूमी संशोधन केंद्राने १९६६ साली फिलिपाइन्समध्ये निघालेल्या ‘आयआर-८’ या भरघोस भाताचा संकर केला तो कुणाशी? आपल्या भुऱ्या रात्याशी! त्यातून ‘पनवेल-१’ आले. मामींना ज्याचा संकोच वाटे, त्याच्याच घराण्यातले हे स्थळ.

मामा आता शेतात पनवेलचे वाण लावतात. बांधालगतच्या कोपऱ्यात मात्र राता आहे. काकूंनी त्यासाठी पायलीभर बियाणे दिले, पैसे घेतले नाहीत. “कापणी झाली की पायलीभर परत दे,” म्हणाल्या. काल मामांचा फोन होता. राता कापून झाला आहे. पायली भरून ठेवली आहे. ती काकूंकडे पोचवायला मी बरोबर हवा, एकट्याने जायला त्यांना अवघड वाटते.

पनवेलची गाडी आली. सौभाग्यवतींनी माझा हात बाटलीतल्या पाण्याने दोनदा धुवायला लावला, आणि मगच चकलीचा डबा उघडला.