नवाचा ताळा

सांवेरला येणारे पाहुणे बहुधा दोन प्रकारचे: उज्जैनच्या वाटेवर थांबलेले, नाही तर उलट्या मारुतीच्या दर्शनास आलेले. इंदुरात सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला आमचा भाचा गेल्या हिवाळ्यात आला तो मात्र आम्हीच बोलावला म्हणून.

नववीच्या निकालासाठी त्याने आम्हांस पायथनमध्ये एक लहानसा प्रोग्राम करून दिला होता. एका मुलीला गणिताच्या दोन चाचण्यांत ३१ आणि ३४ गुण, म्हणजे सरासरी ३२.५. उत्तीर्ण होण्यास ३३ हवेत, आणि अर्ध्याचा पूर्ण धरावा हा आमचा जुना रिवाज. यंत्राने ३२ मांडून तिला अनुत्तीर्ण केले आणि आम्ही डोळे मिटून सही केली. घरी तिची शाळा बंद करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा ती एकटीच वही घेऊन आमच्या टेबलाशी आली. हिशेब तिचाच बरोबर होता.

भाच्याने प्रोग्राम चालता चालता एकेका ओळीवर थांबवून आत डोकावून पाहिले. भागाकारानंतर ३२.५, पुढच्याच ओळीत ३२. पायथनची ‘राउंड’ ही क्रिया नेमक्या अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते. ३३.५ चे ३४ होतात, पण ३२.५ चे ३२! मोठ्या बेरजांत चूक एकाच बाजूस साचू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच, पण आमच्या मुलीच्या तो मुळावर आला.

“झालं, मामा. दहा मिनिटांचं काम,” तो म्हणाला.

“आणि पुढच्या वर्षी तू दुसरं काही बदलशील, तेव्हा हे बिघडणार नाही कशावरून?”

गुणाकार झाला की नवाचा ताळा पाहायचा, हे आम्ही लहानपणी छडीच्या धाकाने शिकलो. भाचा हसला. त्यांच्या धंद्यात यालाच युनिट टेस्ट म्हणतात: प्रोग्रामचा एकेक भाग सुटा काढायचा, ठाऊक उत्तराचे उदाहरण त्याला घालायचे, आणि प्रत्येक बदलानंतर ते आपोआप पुन्हा तपासायचे. मग येथे का लिहिली नाही? घरचेच काम, म्हणून राहून गेले. (मामाचे काम म्हणजे फुकटचे काम!)

त्याचेही म्हणणे खोटे नव्हते. ४५ च्या जागी ५४ लिहिले तर नवाचा ताळा बिनबोभाट जुळतो. टेस्टही लिहिणाऱ्याला सुचले तेवढेच विचारते, त्याने ३३.५ घालून पाहिले असते, तर सारे आलबेल दिसले असते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे युरोपीय रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील दोषी भाग एरियन ४ मध्ये नीट चाललेला होता. नव्या उड्डाणातील मोठी संख्या मात्र सोळा बिटांच्या जागेत मावली नाही. त्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून तो भाग कोणी आधी तपासलाच नव्हता.

तरीही आमचा कौल ताळ्याकडेच झुकतो. चालत्या गाड्याचे चाक पाहण्यास आधी ते मोडावे लागते, आणि येथे मोडणार होते ते एका मुलीचे शिक्षण. भाच्याने कुरकुरत का होईना, रात्री बसून अकरा टेस्ट लिहिल्या, पहिलीच ३२.५ ची.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाती नवी गुणपत्रिका दिली. तिने तेथेच उभी राहून सगळ्या विषयांची बेरीज पुन्हा करून पाहिली, आणि मगच ती दप्तरात ठेवली.