पाण्यावरचं पायडल

भंगारातल्या सायकलीतून होडीसाठी काय काढून घ्यायचं ते मी चटकन सांगू शकतो: क्रँक, चेनव्हील, चेन, मागचा हब आणि बीबीचा (बॉटम ब्रॅकेटचा) एक्सल, कप-छर्ऱ्यांसकट. काय सोडायचं हे कळायला मात्र वेळ लागतो. रस्त्यानं सायकलीला लावलेल्या सवयी असतात त्या, आणि त्या पान्यानं सुटत नाहीत.

तोलाचंच घ्या. सायकल चालते म्हणून उभी राहते. होडीला थांबल्यावरही उभं राहावं लागतं, कारण तिथं पाय टेकायला जागा नाही. आमच्या वारणाकाठी लोक गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडत. काहील भरवशाची खरी, पण गोल असल्यानं जागीच गरगरते. दोनशे लिटरचे निळे बॅरलही माणसाला सहज तरंगवतात, मात्र त्यांचं बोथट तोंड पाणी ढकलत राहतं आणि सगळी मेहनत तिथंच जाते. शेतीच्या पाइपलाइनचा आठ इंची, वीस फुटी पाईपही साधारण १९० लिटर पाणी बाजूला सारतो, पण किती अरुंद वाटेनं! त्याचं टोक तापवून चेपलं की पाचर होते. असे दोन पाईप समांतर ठेवून मधे चौकट बसवायची. माणसासकट सगळं वजन दीडशे किलोंपर्यंत गेलं, तरी पाईप निम्म्याहून कमी बुडतात.

मग फ्रीव्हील. उतारावर पाय स्थिर ठेवून सुटण्याचं सुख त्याच्यामुळे आहे. पाण्यावर तेच अडचणीचं, कारण होडीला ब्रेक नसतो. घाट जवळ आला की पायडल उलटं मारून पंखा उलटा फिरवायचा, तोच ब्रेक. म्हणून फ्रीव्हील वेल्डिंग करून जाम करायचं. त्यातून पुढचं काम निघतं: उलट्या फेऱ्यांनी पंख्याचा नट सैल होतो, तेव्हा शाफ्टमधून आरपार पिन हवीच. चेन मात्र गुणी. लांबी पुरेशी दिली तर पाव वळसा पीळ सोसते आणि आडवी फेरी शाफ्टच्या दिशेला वळवून देते.

निरोगी माणसाचे पाय बराच वेळ देऊ शकतात ती ताकद शंभर वॅटच्या आसपास. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. एवढ्याशा ताकदीला इंजिनचा छोटा, रुंद पात्यांचा पंखा चालत नाही. तो थोडं पाणी जोरानं फेकतो. पायांना पुष्कळ पाणी हळू ढकलणारा, लांब आणि निमुळत्या पात्यांचा पंखा लागतो. ४४ दात्यांचं चेनव्हील आणि १८ दात्यांचं फ्रीव्हील अशा दोन जोड्या एकामागे एक लावल्या की पायांच्या साठ फेऱ्यांत पंख्याच्या साडेतीनशेवर होतात. गिअर बदलायची गरज नाही, नदीला चढ नसतो. वेगाचा हव्यास मात्र महाग पडतो: दुप्पट वेगाला निदान आठपट ताकद. १९९१ साली अमेरिकेत मार्क ड्रेला यांनी ‘डेकाव्हिटेटर’ ही पायडलवरची नाव ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगानं चालवली, तेव्हा नावेचं अंग पाण्याबाहेर उचललेलं होतं आणि तिचा पंखा हवेत फिरत होता.

मला त्याहून जवळचे वाटतात मोतिहारीचे मोहम्मद सैदुल्लाह. १९७५ च्या पुरानंतर त्यांनी सायकल न मोडता तिला हवेचे फ्लोट लावले आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांवर पाती बसवली. रस्ता जिथं बुडतो तिथं ती पाण्यावरून जाते, पुढं पुन्हा रस्ता लागला की रस्त्यानं. सवयी सोडवण्यात मी जी मेहनत घेतो, तिची त्यांना गरजच नव्हती. त्यांना जमीन आणि पाणी दोन्ही हवं होतं.

सध्या मी ॲल्युमिनियमच्या पट्टीतून नवी पाती घडवतोय. टोक बुडख्यापेक्षा वेगानं फिरतं, म्हणून पीळ बुडाशी जास्त, टोकाकडे कमी. पुढची कड या वेळी मागं झुकवतोय, जलपर्णीचे धागे अडकण्याआधी निसटावेत म्हणून. पावसाळा सरला की पंचगंगेत घालून बघेन.