मुलगा किती कमावतो? आणि मुलगी?

लग्न झालं की पोरगा कमवायला लागतो, हे आम्ही वर्धा जिल्ह्यात लहानपणापासून ऐकत आलो. आज गाडी उलटी फिरली आहे. आधी कमाई दाखवा, मग लग्न. वधू-वर परिचय मेळाव्यात मुलाचे शिक्षण सांगून होत नाही तोच प्रश्न येतो, "नोकरी सरकारी की प्रायव्हेट?" आमच्यातले कितीतरी जण पोलीस भरती, एमपीएससी करता करता तिशी ओलांडून गेले. कोणी हिंगणघाटला रोजंदारीवर, कोणी बुटीबोरीला कंत्राटावर. नोकऱ्या कंत्राटी झाल्या की आरक्षण जाते, हे आपण मोर्चात बोलतो. लग्नाचे वयही जाते, हे बोलत नाही.

मुलीच्या बापाला लोभी म्हणणे सोपे आहे. पण ज्याने कापूस-सोयाबीनवर मजुरी केली, शेजारच्या शेतकऱ्याची आत्महत्या पाहिली, तो पगार विचारणारच. चूक वेगळीच आहे. मुलीची कमाई कोणी विचारत नाही.

लग्न झालेले पुरुष जास्त कमावतात, असे अनेक देशांतले आकडे सांगतात. त्यात नवल काय? एक तर कमावणाऱ्यालाच मुलगी मिळते. दुसरे, त्याचा डबा, पोरं, म्हातारे आईवडील बायको सांभाळते, म्हणून तो ओव्हरटाइम करू शकतो. शिवाय निंदण आणि कापूस वेचणीलाही तीच जाते. पगार मात्र त्याचा म्हणून मोजला जातो. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईंना अर्पण केले. आपल्यामागे कोणाचे कष्ट आहेत, हे त्यांनी छापून सांगितले. आपण किती जण सांगतो?

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी दोन गोष्टी बजावल्या. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ऐपत आल्याशिवाय मुलांवर लादू नका. आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, गुलाम होऊ नये. आपण पहिली गोष्ट उचलली, तिचा पगाराचा दाखला केला. दुसरी सोडून दिली. स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्कासाठी आणलेले हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ मध्ये राजीनामा देणाऱ्यांमागे चालणारे आपण, बहिणीला घरात वाटा देतो का?

मित्रांनो, पुढच्या मेळाव्यात बायोडाट्यावर दोघांची कमाई लिहा. मुलाला स्वयंपाक येतो का, तेही लिहा. एकाच्या पगारावर घर तोलण्यापेक्षा दोघांच्या कष्टांवर उभे करणे आजच्या कंत्राटी काळात शहाणपणाचे आहे. आणि तेच आंबेडकरी आहे.

जय भीम!